टोळीच्या आधी पोहोचलेला पिता : संत जॉन बॉस्को



३१ जानेवारी हा संत जॉन बॉस्को यांचा सण. डॉन बॉस्को म्हटले की आपल्याला शाळा आठवते, मैदान आठवते, माटुंग्याचे मंदिर आठवते. पण त्यांच्या कार्याची प्रेरणा तुरुंगात मिळाली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. आपली मुले वाईट संगतीला लागतील काय, या काळजीने अनेक आईबापांची झोप उडालेली आम्ही पाहतो. म्हणून या संताची जीवनकथा आज त्याच अंगाने पाहू या.

इटलीतील पिएमाँत प्रांतात कास्तेलनुओवो गावाजवळ बेक्की नावाची वाडी आहे. तेथे १६ ऑगस्ट १८१५ रोजी एका गरीब शेतकऱ्याच्या घरी जॉनचा जन्म झाला. तो दोन वर्षांचाही झाला नव्हता तोच वडील न्युमोनियाने वारले. आई मार्गारिताने तीन मुलगे आणि म्हातारी सासू यांचा संसार एकटीने ओढला. थोरल्या सावत्र भावाला जॉनचे पुस्तक डोळ्यांत खुपत असे. घरातली भांडणे इतकी वाढली की वयाच्या बाराव्या वर्षी जॉनला घर सोडून दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून राहावे लागले. बापाचे छत्र नाही, घरात शांती नाही आणि खिशात पैसा नाही. मूल बिघडायला लागणारी सगळी कारणे त्याच्यापाशी होती. मात्र एक गोष्ट भक्कम होती, ती म्हणजे आईची माया आणि तिने लावलेली प्रार्थनेची सवय.

नऊ वर्षांचा असताना त्याला एक स्वप्न पडले. मैदानात मुलांचा घोळका शिवीगाळ करीत होता. जॉन मुठी आवळून त्यांच्यावर धावून गेला. तेव्हा एका तेजस्वी पुरुषाने त्याला थांबवले आणि या मुलांना मारून नव्हे तर प्रेमाने जिंकायचे आहे, असे बजावले. हे स्वप्न तो आयुष्यभर विसरला नाही. पुढे तो दोरीवरून चालायला आणि हातचलाखीचे खेळ करायला शिकला. खेळ पाहायला जमलेल्यांकडून तो आधी जपमाळेची प्रार्थना म्हणवून घेई आणि रविवारचे प्रवचन त्यांना पुन्हा सांगे. किएरी येथे शिकताना त्याने मित्रांचे आनंद मंडळ स्थापन केले. ख्रिस्ती माणसाला न शोभणारे काही करायचे नाही, आपले कर्तव्य चुकवायचे नाही आणि सदा आनंदी राहायचे, एवढेच त्याचे नियम.

५ जून १८४१ रोजी तुरीन शहरात त्यांना गुरुदीक्षा मिळाली. संत जोसेफ काफासो हे त्यांचे मार्गदर्शक. त्यांच्याबरोबर तरुण फादर बॉस्को तुरुंगात जाऊ लागले. बारा ते अठरा वर्षांची धडधाकट, हुशार मुले तेथे कोंडलेली पाहून त्यांचे काळीज फाटले. त्याहून वाईट गोष्ट पुढेच होती. सुटून गेलेली मुले थोड्याच दिवसांत परत येत. बाहेर त्यांची वाट पाहणारे कोणीच नव्हते. या मुलांना तुरुंगाआधी एखादा मित्र भेटला असता, तर ती येथे आलीच नसती, हे फादरांनी ओळखले.

तुरीन तेव्हा झपाट्याने वाढत होते. डोंगरातल्या खेड्यांतून मुले गवंड्यांच्या हाताखाली राबायला आणि धुराडी साफ करायला येत. काम मिळाले नाही की रस्ता हेच त्यांचे घर. शहराच्या कडेच्या वस्त्यांत पोरांच्या टोळ्या दगडांनी एकमेकांची डोकी फोडीत. टोळीत गेले की नाव मिळे, पाठीराखे मिळत आणि पोटालाही काहीतरी मिळे.

८ डिसेंबर १८४१, निष्कलंक मारियेचा सण. फादर मिस्साची तयारी करीत असताना चर्चच्या सेवकाने एका मुलाला मारून हाकलले, कारण त्याला मिस्साची सेवा करता येत नव्हती. फादरांनी त्याला परत बोलावले. बार्तोलोमेओ गारेल्ली नावाचा हा सोळा वर्षांचा अनाथ गवंडीकाम करी. वयाने लहान मुले हसतील या लाजेने तो धर्मशिक्षणाला येत नसे. फादरांनी नमो मारिया म्हणून त्याला तेथेच पहिला पाठ दिला. नंतरच्या रविवारी तो मित्रांना घेऊन आला. डॉन बॉस्को यांच्या कार्याचा आरंभ तो हाच.

मुले वाढत गेली, तशा तक्रारीही वाढल्या. गोंगाट होतो म्हणून लोकांनी त्यांना एकेका जागेवरून उठवले आणि अधिकाऱ्यांनीही संशय घेतला. अखेर १२ एप्रिल १८४६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, वालदोक्को भागात पिनार्दी नावाच्या माणसाची एक पडवी त्यांना मिळाली. त्याच वर्षी आई मार्गारिता गाव सोडून तेथे राहायला आली आणि शेकडो मुलांची आई झाली. सुरुवातीला निवारा दिलेली मुले पांघरुणे घेऊन पळून गेली. तरीही १८४७ मध्ये पावसात भिजून दाराशी आलेल्या एका अनाथ मुलाला मायलेकांनी घरात घेतलेच.

नुसत्या प्रार्थनेने पोट भरत नाही, हे फादर जाणून होते. १८५१-५२ पासून त्यांनी मुलांच्या वतीने मालकांशी लेखी करार केले. मुलाला फक्त त्याचा धंदा शिकवावा, चुकल्यास शब्दांनी सांगावे, मारू नये आणि सणावारी सुटी द्यावी, अशा त्यात अटी असत. १८५३ पासून त्यांनी स्वतःच चांभारकाम, शिवणकाम, पुस्तकबांधणी आणि सुतारकाम यांच्या कार्यशाळा उघडल्या.

१८५७ च्या शरदात कार्मान्योला स्टेशनवर गाडीची वाट पाहताना त्यांना धुक्यात मुलांचा दंगा ऐकू आला. ते जवळ गेले तशी पोरे पळाली, पण त्यांचा म्होरक्या कमरेवर हात ठेवून उभा राहिला. हा मिकेले मागोने, बारा वर्षांचा, बाप नसलेला. आपले काही सोबती तुरुंगात गेले आहेत आणि आपलेही तसेच होईल, ही भीती त्याने बोलून दाखवली. फादरांनी त्याला पदक दिले, गावच्या धर्मगुरूंकडे चौकशी केली आणि तुरीनला आणले. आरंभी तो एकटाच उदास बसे. पापनिवेदन केल्यावर त्याचे मन हलके झाले आणि खेळात व प्रार्थनेत तो पुढे आला. २१ जानेवारी १८५९ रोजी आजारपणात तो शांतपणे देवाघरी गेला. फादरांनी त्याचे चरित्र लिहिले.

१८५९ मध्ये सेलेशियन संघाची स्थापना झाली आणि १८७७ मध्ये त्यांनी आपली प्रतिबंधक पद्धत लिहून काढली. समजावणे, श्रद्धा आणि माया हे तिचे तीन आधार. मुलांवर प्रेम करणे पुरेसे नाही, ते प्रेम त्यांना जाणवले पाहिजे, असे त्यांनी १८८४ च्या पत्रात कळकळीने सांगितले. ३१ जानेवारी १८८८ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९३४ मध्ये ते संत घोषित झाले.

टोळी मुलाला जे देते, तेच डॉन बॉस्को यांनी आधी दिले : सोबत, नाव, काम आणि वाट पाहणारे घर. आपल्या धर्मग्रामातही नाक्यावर उशिरापर्यंत बसणारी मुले आहेत. आपण त्यांना नावाने ओळखतो काय? शाळा सुटलेल्या मुलाला हाताखाली घेऊन काम शिकवणारा कोणी आपल्यात आहे काय? चर्चच्या मागच्या बाकावर संकोचाने बसणाऱ्याला आपण पुढे बोलावतो, की गारेल्लीसारखे हाकलतो? आईबाबांनो, रात्री उशिरा आलेल्या मुलाला रागावण्याआधी एकदा तो जेवला का, हे विचारा.

संत जॉन बॉस्को, आमच्या मुलांसाठी विनंती कर. त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचण्याची कृपा आम्हांला मिळो. आमेन.