बेलफास्टच्या अंगणात ठरलेले चाक

गिअर नसलेली, मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारण्यासाठीची सायकल घरच्या घरी जुळवणारे तरुण सर्वाधिक घुटमळतात ते चाकांपाशी. सांगाडा ठरतो, साखळी ठरते. पण चाक २६ इंची घ्यावे का, आरे ३२ असावेत की ३६, टायर किती जाड आणि त्यात हवा किती, हे काही केल्या ठरत नाही. उडीनंतरचा सारा हादरा चाकाला झेलायचा असल्याने हे घुटमळणे रास्तच म्हटले पाहिजे. असाच पेच १८८७ मध्ये बेलफास्टमधील एका पशुवैद्यापुढे उभा राहिला होता. त्यांचे नाव जॉन बॉइड डनलॉप.

स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी ५ फेब्रुवारी १८४० रोजी त्यांचा जन्म झाला. एडिंबरा येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन ते १८६७ मध्ये आयर्लंडला गेले आणि पुढे बेलफास्टमध्ये त्यांनी उत्तम जम बसवला. आपली प्रकृती नाजूक असल्याची समजूत त्यांनी जन्मभर जपली. आयुष्य मात्र लाभले ८१ वर्षांचे!

त्यांच्या लहान मुलाला तीनचाकी सायकल दगडी फरसबंदीवरून चालवताना फार हादरे बसत. रबराचे काम डनलॉप यांच्या हातचे होते. त्यांनी पातळ रबराची नळी तयार केली, सुमारे ९६ सेंटिमीटर व्यासाच्या लाकडी चकतीवर ती कापडाच्या पट्टीने बसवली आणि फुटबॉलच्या पंपाने तीत हवा भरली. मग अंगणात ही चकती आणि तीनचाकीचे मूळचे टणक चाक अशी दोन्ही घरंगळत सोडून पाहिली. टणक चाक वाटेतच कोलमडले. हवेचे चाक मात्र अंगण ओलांडून फाटकाच्या खांबावर आदळले आणि उसळून मागे आले.

या प्रयोगाचे मोल केवळ मुलाच्या सुखापुरते नव्हते. मऊ चाक आरामशीर असेल, पण संथ असणार, अशीच कोणाचीही अटकळ झाली असती. प्रत्यक्षात खडबडीत जमिनीवर टणक चाक प्रत्येक खड्याला वर उचलले जाते आणि त्यात वेग खर्ची पडतो. हवा मात्र तो खडा पोटात घेते. डनलॉप यांनी १८८८ मध्ये पेटंट घेतले. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विली ह्यूम या सायकलपटूने हे टायर लावून चारही शर्यती जिंकल्या. पराभूतांमध्ये डब्लिनचे व्यापारी हार्वे डू क्रॉस यांचे पुत्र होते. पित्याने मनात राग न धरता याच टायरसाठी कंपनी उभारण्यात पुढाकार घेतला!

येथून पुढे मात्र दैव फिरले. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने हवेच्या टायरचे पेटंट १८४५ मध्येच घेतले होते. त्या वेळी आजच्यासारखी सायकलच नसल्याने ती कल्पना विस्मरणात गेली होती, इतकेच. साहजिकच डनलॉप यांचे पेटंट टिकले नाही. शिवाय त्यांचा टायर चाकाला चिकटवलेला असे. पंक्चर काढणे म्हणजे मोठेच दिव्य. टायर काढता-घालता येईल अशी रिम आणि तारेच्या कडेचा टायर चार्ल्स वेल्च यांनी १८९० मध्ये शोधला. तो हक्क कंपनीने विकत घेतला आणि तिचा धंदा सावरला तो त्याच्याच बळावर. रिम आणि टायर ही जोडीनेच निवडायची वस्तू आहे, हे तेव्हापासून ठरून गेले. डनलॉप यांच्या कीर्तीच्या झगमगाटात वेल्च यांचे नाव झाकोळले, हे काहीसे अन्यायाचेच.

डनलॉप १८९५ मध्ये कंपनीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी टेरा हूली नामक धनिकाने ती ३० लाख पौंडांना घेऊन ५० लाख पौंडांना बाजारात विकली. आपल्या नावाच्या या उलाढालीतून डनलॉप यांच्या पदरी फारसे काही पडले नाही. उरलेले आयुष्य त्यांनी डब्लिनमध्ये व्यतीत केले. तेथेच २३ ऑक्टोबर १९२१ रोजी त्यांचे निधन झाले आणि डीन्सग्रेंज येथील दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. उत्तर आयर्लंडच्या नॉर्दर्न बँकेने पुढे दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचे दाढीधारी चित्र छापले.