तापणाऱ्या वायरीचं गणित

आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. गटानं नवीन मिरची कांडप मशीन घेतलं होतं. मशीन पडवीत आणि वीज घरातून, खिडकीतून ओढलेल्या लांबलचक बारीक वायरीनं. वायरीला हात लावला तर चांगलीच गरम! ताई, ही वायर काऊन तापून राहिली, असं एकीनं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. मी कलाशाखेची, विज्ञान दहावीलाच सुटलं. घरी येऊन मुलीचं शाळेचं पुस्तक उघडलं, तर जॉर्ज सायमन ओहम हे नाव सापडलं. मग या माणसाबद्दल मिळेल ते वाचत गेले.

जॉर्जचा जन्म 16 मार्च 1789 रोजी जर्मनीतल्या एर्लांगेन गावी झाला. वडील कुलुपं बनवणारे कारागीर, आई शिंप्याची लेक. सात भावंडांपैकी तीनच जगली. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली. वडील शाळेत फारसे शिकलेले नव्हते, पण स्वतःच पुस्तकं वाचून गणित, विज्ञान शिकले होते. दिवसभर कानस चालवायची आणि मुलांना शिकवायचं, हा त्यांचा नेम. धाकटा मार्टिनही पुढे मोठा गणिती झाला.

कॉलेजात गेल्यावर मात्र जॉर्जचं लक्ष उडालं. नाच, बर्फावरची घसरगुंडी, बिलियर्ड यातच दिवस जाऊ लागले. आपल्याला मिळाली नाही ती संधी पोरगा वाया घालवतोय, हे पाहून वडील संतापले. 1806 मध्ये त्याला स्वित्झर्लंडला एका शाळेत गणित शिकवायला धाडलं. तिथे तो स्वतःच्या बळावर अभ्यास करू लागला. 1811 मध्ये परत येऊन त्यानं डॉक्टरेट मिळवली. पण पदवीनं पोट थोडंच भरतं? पगार तुटपुंजा, मनासारखी नोकरी नाही. 1817 मध्ये कोलोनच्या शाळेत जागा मिळाली. तिथली प्रयोगशाळा चांगली होती, आणि तिथेच त्यांना विजेचं वेड लागलं.

त्या काळी वीज बॅटरीतून मिळायची आणि तिचा जोर सारखा कमीजास्त व्हायचा. मोजमाप करायचं तरी कसं? ओहमनी 1826 मध्ये युक्ती वापरली. दोन वेगळ्या धातूंचे सांधे केले. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. त्यातून मंद पण एकसारखी वीज मिळू लागली. मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा एकेक करून जोडायच्या आणि टांगलेली चुंबकसुई किती वळते ते लिहून ठेवायचं. तार लांब, तर करंट कमी. तार बारीक, तरी करंट कमी. म्हणजे तारच विजेला अडवते! या अडवण्याला आपण रोध म्हणतो.

पुढचं काम करायला त्यांनी अर्ध्या पगारावर वर्षभराची रजा घेतली आणि बर्लिन गाठलं. 1827 मध्ये पुस्तक निघालं. पण कौतुक कुठलं! विजेला असं गणितात बसवणं तिथल्या अनेक विद्वानांना पटलंच नाही. मन खट्टू झालेल्या ओहमनी 1828 मध्ये कोलोनची नोकरी सोडली. पुढची पाच वर्षं बर्लिनमध्ये मिळेल ते शिकवून काढली. 1833 मध्ये न्युरेनबर्गला प्राध्यापकी मिळाली. 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं कॉपले पदक दिलं, तेव्हा कुठे जगानं दखल घेतली. म्युनिकला भौतिकशास्त्राचं मुख्य पद मिळालं ते 1852 मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. 6 जुलै 1854 रोजी ते गेले. 1881 मध्ये पॅरिसच्या परिषदेत रोधाच्या मापाला ओहम हे नाव पक्कं झालं.

ज्या नियमापायी एवढं सोसलं, तो आहे दोन ओळींचा. व्होल्टला अँपिअरनं भागा, ओहम मिळतात. व्होल्टला अँपिअरनं गुणा, वॅट मिळतात. पाणी तापवायचा हीटर घ्या. त्यावर 2000 वॅट लिहिलेलं असतं. घरची वीज 230 व्होल्ट. 2000 ला 230 नं भागलं की करंट आला सुमारे 8.7 अँपिअर. 230 ला 8.7 नं भागलं की रोध सुमारे 26 ओहम. आता सांगा, 6 अँपिअरच्या छोट्या प्लगला हा हीटर लावावा का? मुळीच नाही, त्याला मोठा पॉवर प्लगच हवा. आणि व्होल्टेज उतरून 160 झालं तर? रोध तोच धरला, तर करंट साधारण 6 अँपिअर आणि ताकद 970 वॅटच्या आसपास. व्होल्टेज तिसऱ्या हिश्श्यानंही घटलं नाही, पण ऊब अर्ध्याहून कमी! पाणी तापत नाही त्यात हीटरचा दोष नसतो. मोटारीचं मात्र उलटं, कमी व्होल्टेजमध्ये भार ओढताना ती जास्त करंट घेते आणि जळते.

आता त्या गरम वायरीचं उत्तरही मिळालं. वायर लांब आणि बारीक, म्हणून रोध जास्त. त्यातून मशीनचा मोठा करंट जाणार, म्हणजे ती तापणारच. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. आज नुसती तापते, उद्या वरचं प्लास्टिक वितळेल आणि शेजारी मिरचीची पोती!

पुढच्या बैठकीला मी हे सगळं पाटीवर मांडलं. बायकांनी मशीनवरचे आकडे वाचले, भागाकार केला. मग वायरमनला बोलावून जाड वायर टाकून घेतली, मशीनही मीटरजवळ आणलं. वायरिंगला आपण हात लावायचा नाही, पण किती अँपिअरची वायर टाकताय, हे विचारायला काय हरकत आहे? बाईला यातलं काय कळतं, असं कुणी म्हटलंच, तर भागाकार करून दाखवा. कुलूपवाल्याच्या पोराला कळलं, ते आपल्यालाही कळेल.