आरोग्यसेवेचा शिल्पकार आणि तिजोरीचे राजकारण

युरोपीय महासंघातून बाहेर पडावे की नाही, यावर २०१६ साली ब्रिटनमध्ये सार्वमत झाले. त्या वेळी बाहेर पडण्याच्या बाजूने प्रचार करणारी एक लाल बस देशभर फिरत होती. महासंघाला दर आठवड्याला जाणारे ३५ कोटी पौंड राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे वळवावेत, असे आवाहन तिच्यावर रंगवलेले होते. ब्रिटनला मिळणारी सवलत या आकड्यातून वजाच केलेली नव्हती; देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणानेही त्यावर आक्षेप घेतला. तरीही आरोग्यसेवेचे नाव घेतले की ब्रिटिश मतदार थबकतो, हे प्रचारकांनी अचूक हेरले होते. त्या नावाला हे वजन मिळवून देणाऱ्यांत अग्रस्थानी होते अनायरिन बेव्हन.

साउथ वेल्समधील ट्रेडेगर या खाणींच्या गावी १५ नोव्हेंबर १८९७ रोजी त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि ते कोळशाच्या खाणीत उतरले. बोलताना अडखळणारा हा मुलगा पुढे संसदेतील नामांकित वक्ता ठरला. वडील डेव्हिड हेही खाणकामगार. कोळशाच्या धुळीने फुफ्फुसे निकामी होऊन १९२५ मध्ये त्यांचे निधन झाले. हा आजार तेव्हा भरपाईयोग्य रोगांत मोडत नसल्याने कुटुंबाच्या हाती काहीच आले नाही. गावात एक सोय मात्र होती. कामगारांच्या वेतनातून कापल्या जाणाऱ्या पेन्सवर ट्रेडेगर मेडिकल एड सोसायटी डॉक्टर आणि रुग्णालय पुरवीत असे. बेव्हन तिच्या रुग्णालय समितीवर होते.

१९२९ मध्ये ते मजूर पक्षातर्फे एब्बू व्हेलचे खासदार झाले. भारताच्या स्वातंत्र्याचे हे पाठीराखे आणि नेहरूंचे स्नेही १९४५ मध्ये अॅटली मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री झाले. डॉक्टरांच्या संघटनेचा कडवा विरोध त्यांनी काही तडजोडी करून मोडून काढला आणि ५ जुलै १९४८ रोजी सेवा सुरू झाली. खर्चाचा मुख्य भार विमा हप्त्यांऐवजी सर्वसाधारण करांवर टाकण्याचा निर्णय सर्वांत दूरगामी ठरला. श्रीमंताने अधिक भरावे, आजाऱ्याने दारात पैसे मोजू नयेत, हा त्यामागील विचार. मात्र त्यामुळे सेवेचे भवितव्य दरवर्षीच्या अर्थसंकल्पाशी बांधले गेले.

त्याची झळ खुद्द बेव्हन यांनाच बसली. कोरियन युद्धाच्या काळात शस्त्रसज्जतेसाठी ४७० कोटी पौंडांचा कार्यक्रम आखला गेला. अर्थमंत्री ह्यू गेट्सकेल यांनी १९५१ मध्ये दातांच्या कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क लावले. पहिल्या वर्षी त्यातून वाचणार होते जेमतेम १ कोटी ३० लाख पौंड. रक्कम किरकोळ, पण तत्त्वाला तडा. बेव्हन यांनी एप्रिलमध्ये मंत्रिपद सोडले. मजूर पक्षातील या फुटीची किंमत त्यांना व पक्षालाही मोजावी लागली. ६ जुलै १९६० रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

ब्रिटन युरोपीय समुदायात शिरला तो १९७३ मध्ये, म्हणजे आरोग्यसेवा सुरू झाल्यावर २५ वर्षांनी. सेवेला किती पैसा द्यायचा, हे त्याआधीही आणि नंतरही लंडनमध्येच ठरत होते. २०१६ मध्ये ट्रेडेगर व एब्बू व्हेल ज्यात येतात त्या ब्लायनाय ग्वेंटमध्ये ६२ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली; वेल्समधील हे सर्वाधिक प्रमाण. २०१८ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी इंग्लंडच्या आरोग्यसेवेसाठी २०२३-२४ पर्यंत वर्षाला २,०५० कोटी पौंडांची वाढ जाहीर केली आणि त्यातील काही भाग महासंघाची वर्गणी वाचल्याने मिळेल, असे सांगितले. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने मात्र हिशेब मांडून दाखवला: महासंघाशी झालेली आर्थिक तडजोड आणि मंदावलेल्या अर्थव्यवस्थेमुळे घटणारा करमहसूल पाहता अशी बचत शिल्लकच राहत नव्हती.