ओटो वारबुर्ग

जर्मनीतील फ्रायबर्ग नगरात ८ ऑक्टोबर १८८३ रोजी ओटो वारबुर्ग यांचा जन्म झाला. त्यांचे वडील एमिल हे नामांकित पदार्थविज्ञानवेत्ते होते. अशा घरात वाढलेल्या मुलास विज्ञानाची गोडी लागली नसती, तरच नवल! ओटो यांनी प्रथम रसायनशास्त्राची व पुढे १९११ साली वैद्यकाची पदवी संपादन केली. कर्करोगाचे मूळ शोधून काढावयाचे, हा त्यांचा तरुणपणापासूनचा ध्यास होता.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ते घोडदळात दाखल झाले. ते रणांगणावर पडले तर विज्ञानाची केवढी हानी होईल, ही चिंता आप्तेष्टांना लागून राहिली. अखेर १९१८ साली वडिलांचे स्नेही आइन्स्टाइन यांनी पत्र लिहून त्यांना परत येण्याविषयी विनविले. वारबुर्ग प्रयोगशाळेत परतले.

आपल्या शरीरातील पेशी प्राणवायूच्या साहाय्याने शर्करा पूर्णपणे जाळतात व शक्ती मिळवितात. प्राणवायू अपुरा पडला, तर शर्करा अर्धवट वापरली जाऊन लॅक्टिक आम्ल तयार होते. विरजण लावलेल्या दुधास आंबटपणा येतो, तो याच आम्लामुळे. वारबुर्ग यांनी उंदरांच्या अर्बुदांचे अत्यंत पातळ काप घेतले आणि वायूच्या दाबातील सूक्ष्म फरक मोजले. तेव्हा त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. भोवती विपुल प्राणवायू असूनही कर्कपेशी भराभर शर्करा घेत होत्या आणि तिचे लॅक्टिक आम्ल करीत होत्या!

पेशींच्या श्वसनास साहाय्य करणाऱ्या द्रव्याच्या शोधाबद्दल १९३१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे हिटलरची राजवट आली. वडिलांचे घराणे ज्यूवंशीय असल्यामुळे वारबुर्ग यांच्यावर संकट ओढवले. १९४१ साली त्यांना संस्थेतून दूर करण्यात आले. परंतु कर्करोगावरील संशोधनाकरिता त्यांना लवकरच परत घेण्यात आले.

श्वसन बिघडल्यामुळेच पेशी कर्करोगी बनते, असे वारबुर्ग मानीत. परंतु बहुतेक कर्कपेशींचे श्वसन शाबूत असते, असे इतरांच्या प्रयोगांतून दिसून आले. वारबुर्ग मात्र आपल्या मतास अखेरपर्यंत चिकटून राहिले. १ ऑगस्ट १९७० रोजी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले.

मग कर्कपेशी एवढी शर्करा कशासाठी घेतात? ज्यास घर बांधावयाचे आहे, तो सगळे लाकूड चुलीत घालीत नाही. झपाट्याने वाढणारी पेशीही काही शर्करा न जाळता नव्या पेशींच्या बांधणीस लावते. रक्ताच्या काही कर्करोगांतील रोगट पेशीही तग धरण्यास व वाढण्यास या मार्गाचा आधार घेतात. ही वाट अडविता येईल काय, याचा शोध आज शास्त्रज्ञ घेत आहेत. कर्कपेशींची ही शर्करेची ओढ रुग्णालयांत उपयोगीही पडते. किरणोत्सर्गी खूण केलेली शर्करा रुग्णास टोचतात. ती जेथे साठते, तेथे रोगाचा ठाव लागतो.

वारबुर्ग यांचा निष्कर्ष चुकला, पण निरीक्षण अचूक ठरले. प्रामाणिकपणे केलेले निरीक्षण कधी वाया जात नाही. आणि आपले मत चुकलेले दिसले, तर ते सोडून देण्याचेही धैर्य अंगी असावे लागते. त्यांच्या चरित्रातून या दोन्ही गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.