चार्ल्स मर्झ : उलट्या प्रवाहावरचा पहारा

मोठ्या वस्तीला किंवा कारखान्याला एकाच वाहिनीने वीज दिली, तर तिच्यात बिघाड होताच सगळे ठप्प होते. म्हणून दोन-तीन समांतर वाहिन्या टाकतात. पण त्यात वेगळाच धोका असतो. एक वाहिनी बिघडली, की चांगल्या वाहिन्यांतून आलेली वीज पलीकडच्या टोकाने उलटी फिरून बिघाडाकडेच धावते. ती वेळीच तोडली नाही, तर चांगल्या वाहिन्याही बंद पडतात. या प्रश्नाला भरवशाचे उत्तर देणाऱ्यांत ब्रिटिश अभियंते चार्ल्स मर्झ अग्रभागी होते.

त्यांचा जन्म १८७४ साली इंग्लंडमधील गेट्सहेडचा. त्यांच्या वडिलांनी १८८९ मध्ये शेजारच्या न्यूकॅसल शहरात वीजपुरवठा कंपनी काढली होती. चार्ल्स यांनी १८९९ मध्ये सल्लागार अभियंता म्हणून व्यवसाय सुरू केला. त्यांच्या आराखड्यानुसार उभारलेले नेपच्यून बँक वीजकेंद्र १९०१ मध्ये सुरू झाले. तेथून जहाजबांधणी कारखान्यांना थ्री-फेज वीज मिळू लागली. वीज गेली, की कामच थांबे.

त्या काळी उलटा प्रवाह ओळखणारे रिले वापरत. प्रवाहाची दिशा ठरवायला त्यांना व्होल्टेजचा आधार लागे. पण जवळपास शॉर्टसर्किट झाले, की व्होल्टेजच कोसळे आणि नेमक्या गरजेच्या वेळी रिले फसे. १९०४ मध्ये मर्झ आणि त्यांचे सहकारी बर्नार्ड प्राइस यांनी दिशेचा प्रश्नच बाजूला ठेवला. वाहिनीच्या दोन्ही टोकांना करंट ट्रान्सफॉर्मर बसवून ते बारीक तारांनी जोडायचे. आत शिरणारा आणि बाहेर पडणारा प्रवाह सारखा असेल, तर रिले शांत राहतो. फरक पडला, की बिघाड याच वाहिनीत आहे हे कळते आणि दोन्ही टोकांचे ब्रेकर उघडतात. बाकीचा पुरवठा चालू राहतो. ही ‘मर्झ-प्राइस’ पद्धत आजही अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात शिकवतात.

वेगवेगळी वीजकेंद्रे एका जाळ्यात जोडावीत, असा मर्झ यांचा आग्रह होता. १९२६ च्या कायद्यानंतर ब्रिटनमध्ये १३२ किलोव्होल्टचे राष्ट्रीय ग्रिड उभे राहिले, त्यामागे त्यांचा मोठा वाटा होता. मुंबईच्या जीआयपी रेल्वेच्या विद्युतीकरणातही त्यांची कंपनी सल्लागार होती. ऑक्टोबर १९४० मध्ये लंडनवरील बॉम्बहल्ल्यात राहत्या घरी ते आणि त्यांची दोन मुले मृत्युमुखी पडली.

उलट्या प्रवाहाचा प्रश्न मात्र संपलेला नाही. इंजिन बंद पडलेले जनित्र जाळ्यातून वीज ओढून मोटरसारखे फिरू लागते. ते थांबवायला आजही रिव्हर्स पॉवर रिले लागतो. आता तर गच्चीवरच्या सौर पॅनेलची शिल्लक वीज भरदुपारी रोहित्राकडे उलटी वाहते. कोणता उलटा प्रवाह चालू द्यायचा आणि कोणता तोडायचा, हे ठरवणे वीज वितरणातले रोजचे काम झाले आहे.