पंडिता रमाबाईंचें ज्ञान

परमेश्वराचें भय हाच ज्ञानाचा पाया होय, ह्याची साक्ष आम्हांस पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत मिळते.

त्यांचा जन्म १८५८ सालीं झाला. आईपाशीं त्या संस्कृत शिकल्या, व १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस पंडिता ही पदवी दिली. तरी जिवास शांति नव्हती. १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा झाला. पुढें कांहीं वर्षांनीं स्वतःच्या ज्ञानाचा भरंवसा सोडून त्या ख्रिस्ताला शरण गेल्या, तेव्हां ती लाभली.

मग केडगांवीं त्यांनीं दुष्काळपीडित मुलींस आश्रय दिला, आणि इब्री व ग्रीक शिकून साध्या मराठींत पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें. १९२२ सालीं त्या प्रभूजवळ गेल्या.

बंधुभगिनींनो, आम्हांमध्यें निरक्षरानें खचूं नये, शिकलेल्यानें फुगूं नये. देवापुढें नम्र होणें हाच दोघांचा पहिला धडा आहे.