गिजुभाई बधेका : मुलासाठी वकिली सोडलेले वडील



घरात पहिलं मूल येणार म्हटल्यावर आपण काय काय गोळा करतो ते जरा आठवून बघा. पाळणा, दुपटी, झबली, खुळखुळा, बाळगुटीचं सामान. मूल कसं वाढतं, कसं विचार करतं, यावरचं एखादं पुस्तक त्या यादीत होतं का? खरं सांगायचं तर माझ्या घरी नव्हतं. आज ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्या गृहस्थांनी मात्र मूल झाल्यावर असं पुस्तक मिळवून वाचलं आणि पुढे त्यापायी त्यांची वकिली सुटली. त्यांचं नाव गिरिजाशंकर भगवानजी बधेका. गुजरातेत ते गिजुभाई म्हणून ओळखले जातात.

त्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८८५ रोजी सौराष्ट्रातल्या चितळ या गावी झाला. त्या काळची शाळा कशी असायची हे वेगळं सांगायला नको. घोकंपट्टी, छडी आणि मास्तरांचा धाक. गिजुभाईही अशाच शाळांतून शिकले. भावनगरच्या सामळदास कॉलेजात गेले (गांधीजीही या कॉलेजात काही महिने होते), पण शिक्षण अर्धवट टाकून १९०७ मध्ये पोटापाण्यासाठी पूर्व आफ्रिकेला गेले. दोनेक वर्षांत परत आले, मुंबईत कायदा शिकले आणि वढवाणला वकिली करू लागले. इथपर्यंतची गोष्ट त्या काळच्या कुठल्याही हुशार, मध्यमवर्गीय तरुणाची असावी तशीच आहे.

१९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला, नरेंद्र. आणि एक प्रश्न त्यांच्या मागे लागला. आपण ज्या शाळेत मार खाल्ला, तिथेच याला पाठवायचं का? हा प्रश्न तुम्हाआम्हालाही पडतो. फरक एवढाच, की आपण दोनचार शाळांची फी विचारतो आणि गप्प बसतो. गिजुभाई विचारपूस करत मोतीभाई अमीन यांच्यापर्यंत पोचले. बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाडांच्या काळात गावोगाव वाचनालयं उभी राहिली, त्या चळवळीतले हे मोठे कार्यकर्ते. त्यांच्याकडून गिजुभाईंना मारिया मॉन्टेसरी यांच्या पद्धतीची ओळख झाली. इटलीतली एक डॉक्टर बाई सांगत होती, की लहान मूल म्हणजे रिकामं भांडं नव्हे. त्याला स्वतःच्या हातांनी करून बघायची भूक असते. मोठ्यांनी मध्येमध्ये न करता आधी त्याचं नीट निरीक्षण करावं. वकील माणसाला हे पटलं, आणि समोर निरीक्षण करायला घरातच मूल होतं.

भावनगरला नानाभाई भट्ट यांनी १९१० मध्ये दक्षिणामूर्ती ही संस्था सुरू केली होती. १९१६ मध्ये गिजुभाई वकिली सोडून तिथे दाखल झाले. सुरुवातीला काम होतं मोठ्या मुलांबरोबर. तिथे त्यांच्या लक्षात आलं, की ही मुलं आपल्याकडे येतात तोवर फार उशीर झालेला असतो. भीती अंगात मुरलेली असते. सांगितल्याशिवाय हलायचं नाही ही सवय पक्की झालेली असते. म्हणून १९२० मध्ये त्यांनी अडीच ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालमंदिर काढलं. इतक्या लहान मुलांना शिकवायचं तरी काय, असं वाटण्याचा तो काळ. बालमंदिरात बक्षीस नव्हतं आणि शिक्षाही नव्हती. गाणी, नाटक, माती, बागकाम होतं. गोष्टी तर होत्याच होत्या.

गोष्टींचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. लहान वयात परीकथा, कल्पित कथा देण्याला मॉन्टेसरीबाईंचा पाठिंबा नव्हता. गिजुभाई त्यांचे एवढे भक्त, पण इथे त्यांनी बाईंचं ऐकलं नाही. काठियावाडातल्या लोककथा त्यांनी गोळा केल्या, मुलांना सांगितल्या आणि गोष्ट कशी सांगावी यावर एक जाडजूड पुस्तकही लिहिलं. पुस्तक काय म्हणतं यापेक्षा समोरचं मूल काय म्हणतं याला त्यांच्या लेखी जास्त किंमत होती. या माणसाला मुलं आणि मोठी माणसं मिशीवाली आई म्हणू लागली, ते उगाच नाही.

त्यांचं 'दिवास्वप्न' आपल्यापैकी काहींनी डी.एड.ला असताना चाळलं असेल. गोष्ट साधी आहे. एक शिक्षक अधिकाऱ्यांकडून एका वर्षासाठी चौथीचा वर्ग मागून घेतो. भरपूर वाचन करून, मनात मांडे खात पहिल्या दिवशी वर्गावर जातो, शांततेचा खेळ घ्यायला बघतो आणि त्याची फजिती होते! मुलं ओरडतात, खिदळतात, वर्ग हाताबाहेर जातो. पुस्तकातलं सगळं पुस्तकातच राहतं. मग तो छडीकडे वळत नाही, गोष्ट सांगायला बसतो. हीच मुलं गोष्ट ऐकताना जागची हलत नाहीत. पुढे पाठ्यपुस्तकांसाठीच्या पैशांतून तो वर्गाचं वाचनालय उभं करतो आणि त्यावरून पालकांची कुरकुरही ऐकतो. वीस वर्षं वर्गावर गेल्यानंतर मी हे पुन्हा वाचलं, तेव्हा पहिल्या दिवसाची ती फजितीच मला सगळ्यात खरी वाटली.

पण गिजुभाई फक्त शिक्षकांसाठी लिहीत नव्हते. घरात जे चालतं तेच मूल शाळेत घेऊन येतं, हे त्यांना ठाऊक होतं. आईबाप होणं किती अवघड आहे या नावाचंच त्यांचं एक पुस्तक आहे. त्यात आणि पालकांसाठीच्या इतर लिखाणात रोजच्या घरातले छोटे छोटे प्रसंग येतात. मूल स्वतः जेवू बघतं, आणि आपण सांडेल म्हणून हातातला घास काढून घेतो. पाहुण्यांसमोर म्हणून दाखव म्हणून मागे लागतो. बुवा येईल म्हणून भीती घालतो. मग तेच मूल अंधारात एकटं जात नाही, म्हणून त्याला भित्रा म्हणतो! शंभर वर्षं झाली, तरी वाचताना आपलंच स्वयंपाकघर दिसतं.

या कामात त्यांना भक्कम साथ मिळाली ती एका मराठी बाईची. नवऱ्यापासून विभक्त झालेल्या ताराबाई मोडक आपल्या लहान मुलीला घेऊन भावनगरला आल्या. दोघांनी मिळून १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. गुजरातीतली 'शिक्षण पत्रिका' ताराबाईंनी पुढे मराठीत आणली. आपल्याकडचा बालशिक्षणाचा झरा असा भावनगरहून आलेला आहे. एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य करायला हवी. भावनगरच्या बालमंदिराचा फायदा मुख्यतः शिकल्यासवरल्या घरांतल्या मुलांना झाला. साधनं महाग होती. गरिबाच्या मुलाचं काय, हा प्रश्न ताराबाईंनी नंतर हातात घेतला. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडला नेलं. अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी आदिवासी पाड्यावर अंगणवाडी नेली आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली.

गिजुभाईंना हे बघायला मिळालं नाही. १९३६ मध्ये ते दक्षिणामूर्तीतून बाहेर पडले, राजकोटला शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम सुरू केलं, आणि २३ जून १९३९ रोजी मुंबईत वारले. वय अवघं त्रेपन्न. लहानमोठी शंभरावर पुस्तकं मागे ठेवून गेले. ज्या बाईंच्या विचारांनी त्यांचं आयुष्य बदललं, त्या मारिया मॉन्टेसरी त्यानंतर काही महिन्यांनी, त्याच वर्षी भारतात आल्या.

'दिवास्वप्न' मराठीत मिळतं. शाळेच्या कपाटात शोधलंत तर बहुधा सापडेल. पुढच्या पालकसभेत त्यातला पहिल्या दिवसाचा भाग मोठ्याने वाचून बघा, दहा मिनिटं लागतात. आमच्या सभेत मी वाचला, तेव्हा मागे उभे असलेले एक वडील नंतर थांबले आणि पुस्तक मागून घेऊन गेले. दोन वर्षं झाली, अजून परत आलेलं नाही. मीही मागितलेलं नाही.